मुलांनी वाढविलेले जनावर आणि त्याचे मोल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी हा राज्याच्या खालोखालचा प्रशासकीय विभाग होय. शेतीप्रधान भागातील बहुतेक काउंट्यांत वर्षातून एकदा, सामान्यतः उन्हाळ्यात, जत्रा भरते. तीत पाळणे आणि खाद्यपदार्थांची दुकाने असतात. मक्याच्या कणसांपासून गोधड्यांपर्यंत नाना वस्तू मांडलेल्या असतात. परंतु जत्रेचा खरा कणा म्हणजे तिच्यातील पशुप्रदर्शन. या प्रदर्शनाच्या अखेरीस मुलामुलींनी स्वतः वाढविलेली जनावरे लिलावाने विकली जातात. विकणारे आठनऊ वर्षांपासून अठराएकोणीस वर्षांपर्यंतचे असतात. घेणारे बहुधा त्याच परिसरातले असतात. त्यांत स्थानिक बँक, बियाण्यांचा व्यापारी, ट्रॅक्टरचा विक्रेता यांसारखे व्यावसायिक असतात. तसेच वर्षभराचे मांस एकदाच घेऊन ठेवणारी सामान्य कुटुंबेही असतात.

बाहेरून पाहणाऱ्याला या लिलावातील भाव कोड्यात टाकतात. घाऊक बाजारात ज्या डुकराला पौंडामागे एक डॉलरही मिळत नाही, त्याच वजनाचे व त्याच प्रतीचे डुक्कर येथे पौंडाला तीनचार डॉलर या भावाने विकले जाते. घेणाऱ्याला बाजारभाव ठाऊक नसतो, असे नाही. मग तो इतके पैसे कशासाठी मोजतो? याचे उत्तर असे की, येथे पुकारली जाणारी किंमत ही दोन किमतींची बेरीज असते. एक किंमत मांसाची आणि दुसरी त्या मुलाच्या शिक्षणाची. या दोन किमती ज्याने मनात वेगळ्या केल्या, त्याला ही खरेदी डोळसपणे करता येते. ज्याने त्या वेगळ्या केल्या नाहीत, तो एक तर मांस महाग पडले म्हणून कुरकुरतो, नाही तर आपण स्वस्तात मांस घेतले या भ्रमात राहतो. म्हणून या लिलावाची घडण आणि त्यातील हिशेब नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

संस्थेची घडण

या लिलावामागे दोन मोठ्या युवक-संघटना उभ्या आहेत. त्यांपैकी पहिली 'फोर-एच' या नावाने ओळखली जाते. सन १९०२ मध्ये ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहॅम या शाळा-अधीक्षकाने मुलामुलींचे एक शेतकी मंडळ सुरू केले. मुलांनी मका व भाजीपाला लावावा, मातीची परीक्षा करावी आणि आपण काय केले याची नोंद ठेवावी, असा त्याचा साधा कार्यक्रम होता. सन १९१० मध्ये दक्षिण कॅरोलायनात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींसाठी टोमॅटो-मंडळ काढले. अशा विखुरलेल्या मंडळांतून पुढे एक राष्ट्रव्यापी चळवळ आकारास आली. मस्तक, हृदय, हात व आरोग्य या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांचे आद्याक्षर 'एच' हेच असल्यामुळे तिला हे नाव मिळाले; चार पानांचे हिरवे क्लोव्हर हे तिचे बोधचिन्ह झाले.

या मंडळांच्या वाढीमागे एक मार्मिक अनुभव होता. कृषी-महाविद्यालयांतील नवे ज्ञान प्रौढ शेतकरी सहजासहजी स्वीकारीत नसत. परंतु आपल्याच मुलाने आपल्याच बांधाशेजारी नवे बियाणे लावून अधिक पीक काढले की, तेच ज्ञान बापाला पटे. सन १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत कृषी-महाविद्यालयांचा पाया घातला होता. सन १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने त्या महाविद्यालयांना कृषिविस्तार-सेवेची जोड दिली आणि फोर-एच मंडळांचे काम या विस्तार-सेवेच्या कक्षेत आले.

दुसरी संघटना शाळांतून वाढली. सन १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने माध्यमिक शाळांतील शेतकी शिक्षणाला केंद्र सरकारचे साहाय्य मिळू लागले. हे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही संघटना सन १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वेगळी संघटना सन १९६५ मध्ये तीत विलीन झाली. मुलींना सभासदत्व मात्र सन १९६९ मध्ये मिळाले. सन १९८८ मध्ये तिचे नाव बदलून 'नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन' असे करण्यात आले. लिलावाच्या रिंगणात निळ्या कॉर्डुरॉयचे जाकीट घालून येणारी मुले या संघटनेची असतात.

दोन्ही संघटनांचे तत्त्व एकच: करून शिकणे. जनावर वाढविणे हा त्यांतील एक अभ्यासक्रम आहे आणि लिलाव ही त्या अभ्यासक्रमाची शेवटची पायरी होय.

वर्षभराचे काम

लिलावासाठी आणावयाच्या जनावरांत खच्ची केलेले गोऱ्हे, डुकरे, कोकरे आणि मांसासाठी वाढविलेले बोकड ही प्रमुख असतात. त्यांच्या जोडीला ससे, कोंबड्या व टर्कीही असतात. प्रत्येक जातीच्या जनावराला लागणारा काळ निरनिराळा असतो. पुढच्या उन्हाळ्यातील जत्रेसाठी गोऱ्हा आदल्या शरद ऋतूतच घ्यावा लागतो. त्या वेळी त्याचे वजन पाचसहाशे पौंड असते. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, अर्ध्या किलोहून किंचित कमी. आठनऊ महिने चांगला खुराक मिळाल्यावर हे वजन बाराशे ते चौदाशे पौंडांवर जाते. डुकराचे पिलू वसंत ऋतूत घेतले तरी चालते. सुमारे पन्नास पौंडांचे पिलू चार महिन्यांत अडीचशेहून अधिक पौंडांचे होते. कोकरू साधारणतः साठ पौंडांचे असताना आणतात व एकशे दहा ते एकशे चाळीस पौंडांचे झाल्यावर विकतात.

जनावर केव्हापासून मुलाच्या मालकीचे असले पाहिजे, याची तारीख नियमांनी ठरविलेली असते. त्या दिवशी त्याचे वजन होते आणि त्याच्या कानाला क्रमांकाचा बिल्ला लावला जातो. ऐन वेळी दुसऱ्याने वाढविलेले जनावर आणून उभे करता येऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. तेथून पुढे रोजचे काम सुरू होते. सकाळ-संध्याकाळ खुराक घालावयाचा, पाणी पाहावयाचे, गोठा झाडावयाचा, खरारा करावयाचा, म्होरकी घालून चालविण्याची सवय लावावयाची. शाळा असो, पाऊस असो वा सण असो, यात खंड पडून चालत नाही.

याच्या जोडीला नोंदवही असते. पिलाची किंमत, प्रत्येक पोत्याचा भाव, औषधपाणी, वजनातील वाढ हे सारे मुलाने स्वतः लिहावयाचे असते. डुकराच्या अंगी एक पौंड वजन येण्यास सुमारे तीन पौंड खाद्य लागते. गोऱ्ह्याला त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक लागते. हे प्रमाण पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपल्याच वहीतील बेरजांतून ते उमगणे वेगळे. शेतीत कष्ट आणि नफा यांची गाठ आपोआप पडत नाही, हा धडा पुष्कळ मुलांना याच वहीत प्रथम मिळतो.

प्रदर्शन आणि परीक्षण

जत्रेत जनावरांचे परीक्षण दोन प्रकारे होते. एका स्पर्धेत जनावराचे शरीर पाहिले जाते. पाठ, फरा व मांड्या यांवरील मांसलता, चरबीचे योग्य प्रमाण, पायांची ठेवण आणि चाल यांवरून परीक्षक क्रम लावतो व तो असा का लावला हे सर्वांसमक्ष सांगतो. दुसऱ्या स्पर्धेत जनावर आणणाऱ्या मुलाचे कौशल्य पाहिले जाते. आपल्या जनावराची त्याला किती माहिती आहे, ते बिथरले तर तो कसे सावरतो, परीक्षकाकडे त्याचे लक्ष आहे की नाही, यावर गुण मिळतात. पहिल्या स्पर्धेत मागे पडलेले मूल दुसरीत अव्वल ठरू शकते, कारण महागडे पिलू विकत घेता येते, पण त्याला शिकविण्याचे कसब विकत मिळत नाही.

जनावर ठरावीक किमान वजनाचे नसेल, तर बहुतेक ठिकाणी त्याला लिलावात प्रवेश मिळत नाही. कोवळ्या, अपुऱ्या वाढीच्या जनावराचे मांस घेणाऱ्याच्या पदरी पडू नये, यासाठी हा निर्बंध असतो.

लिलावाचे रिंगण

खरेदीदाराने प्रथम नाव नोंदवून आपला क्रमांक घ्यावयाचा असतो. लिलावापूर्वीच काही आठवडे मुलांनी गावातील व्यापाऱ्यांना व परिचितांना पत्रे लिहून आमंत्रण दिलेले असते. हाही त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. मूल जनावर घेऊन रिंगणात येते, त्याचे नाव व जनावराचे वजन जाहीर होते आणि पुकारा सुरू होतो. पुकारणारा आकडे इतक्या झपाट्याने गुंफीत जातो की, नवख्याला त्यांतील एक शब्द कळत नाही. गर्दीत उभे असलेले त्याचे साहाय्यक बोली देणाऱ्यांचे हात टिपून आरोळी देतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. मोठ्या जनावरांची बोली सामान्यतः जिवंत वजनाच्या प्रत्येक पौंडामागे असते. 'चार' असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ चार डॉलर गुणिले जनावराचे संपूर्ण वजन असा होतो. ससे किंवा कोंबड्या यांची बोली मात्र बहुधा नगावर किंवा जोडावर असते. नियमपत्रिका न वाचता हात वर करणाऱ्याला देयक हाती पडल्यावर घाम फुटतो.

आता दोन किमतींची बेरीज एका उदाहरणाने पाहू. समजा, २७० पौंडांचे एक डुक्कर पौंडाला ४ डॉलर या भावाने विकले गेले. त्याचे १,०८० डॉलर झाले. त्या दिवशीचा घाऊक बाजारभाव पौंडाला ६५ सेंट धरला, तर त्याच डुकराचे बाजारमूल्य सुमारे १७५ डॉलर भरते. उरलेले सुमारे ९०५ डॉलर हे मुलाला दिलेले प्रोत्साहन होय. आता मुलाची वही पाहू. पिलू, पोत्यांनी घेतलेले खाद्य आणि इतर खर्च मिळून त्याने ३५० डॉलर घातले आहेत, असे समजू. बाजारभावाने डुक्कर विकले असते, तर त्याला खर्चाच्या निम्मीच रक्कम परत मिळाली असती. एकदोन जनावरे वाढविणाऱ्या मुलाला हजारो जनावरांच्या कारखान्याशी भावात टक्कर देता येत नाही, हे उघड आहे. लिलावातील वरचढ किंमत ही तूट भरून काढते व वर काही शिल्लक टाकते. ही शिल्लक पुढच्या वर्षीचे पिलू घेण्यासाठी किंवा महाविद्यालयाच्या शुल्कासाठी राखून ठेवण्याची रीत आहे. लिलावाच्या व्यवस्थेसाठी जत्रेची समिती विक्रीतून काही टक्के कापून घेते.

पुष्कळ ठिकाणी या दोन किमती नियमांनीच वेगळ्या केलेल्या असतात. ज्या खरेदीदाराला मांस नको असते, तो आपले जनावर बाजारभावाने घाऊक व्यापाऱ्याकडे वळते करतो आणि केवळ वरची रक्कम भरतो. काही लिलावांत तर बोलीच मुळी या वरच्या रकमेपुरती असते. ज्यांना जनावर घ्यावयाचे नाही, पण मुलाला मदत करावयाची आहे, त्यांना त्याच्या नावे एखादी छोटी रक्कम जोडता येते. म्हणून खरेदीदाराने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की या लिलावात बोली कशाची आहे, जनावराची की केवळ प्रोत्साहनाची?

विजेत्या जनावरांचे भाव हा एक स्वतंत्र प्रकार आहे. टेक्सासमधील ह्यूस्टन येथील मोठ्या पशुप्रदर्शनात सन २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट ठरलेला गोऱ्हा दहा लाख डॉलरला विकला गेला. अशा आकड्यांचा मांसाशी काहीही संबंध नसतो. ती लौकिकासाठी व शिक्षणनिधीसाठी दिलेली देणगी असते. मोठ्या प्रदर्शनांत तिचा ठरावीक भागच मुलाला मिळतो व उरलेली रक्कम इतर मुलांच्या निधीत जाते. सामान्य कुटुंबाने अशा जनावराच्या वाटेस जाण्याचे कारण नाही. क्रमाने मधल्या ठिकाणी असलेले जनावर ताटात वाईट ठरते असे मुळीच नाही. पहिल्यांदाच भाग घेणाऱ्या व ओळखीपाळखी नसलेल्या मुलाच्या जनावराला पुष्कळदा बोलीही कमी लागते. तेथे दिलेला डॉलर अधिक उपयोगी पडतो.

जिवंत वजन आणि हाती येणारे मांस

नव्या खरेदीदाराचा सर्वांत मोठा गैरसमज वजनाविषयी असतो. तेराशे पौंडांचा गोऱ्हा घेतला म्हणजे तेराशे पौंड मांस मिळत नाही. कातडे, डोके, खूर, रक्त आणि आतडी वजा जाता टांगलेल्या धडाचे वजन आठशे पौंडांच्या आसपास राहते. त्यातून हाडे व जादा चरबी काढली, शिवाय टांगून ठेवल्याने आटणारे पाणी वजा केले, की पाचशे पौंडांच्या आसपास मांस हाती येते. डुकराचे प्रमाण अधिक चांगले असते. २७० पौंडांच्या डुकराचे धड सुमारे १९५ पौंड भरते आणि त्यातून १४० ते १५० पौंड मांस निघते. कोकरात हे प्रमाण उतरते. १३० पौंडांच्या कोकरातून ४५ ते ५० पौंडच मांस मिळते.

वरील उदाहरणातील डुकराचा हिशेब आता पुरा करता येतो. कापणे, बांधणे व धुरी देणे यांसाठी खाटकाने २७० डॉलर घेतले आणि १४५ पौंड मांस मिळाले असे समजू. बाजारमूल्य व खाटकाची मजुरी एवढेच धरले, तर मांस पौंडाला सुमारे तीन डॉलर पडले. सारी रक्कम धरली, तर ते नऊ डॉलरांहून थोडे अधिक पडले. मधले सहा डॉलर मांसाचे नव्हेत. ते कोणासाठी व कशासाठी दिले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते जड वाटत नाहीत.

खाटकाकडे

अमेरिकेत मांसतपासणीचा मूळ कायदा सन १९०६ चा आहे. अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाणीचे जे चित्र रंगविले, त्यामुळे उठलेल्या लोकक्षोभाने हा कायदा होण्यास चालना मिळाली. विकावयाच्या मांसासाठी कत्तलीच्या वेळी सरकारी निरीक्षकाची तपासणी आवश्यक असते. सन १९६७ च्या कायद्याने राज्यांच्या तपासणीचा दर्जाही केंद्राच्या बरोबरीचा असला पाहिजे असे ठरविले. मात्र मालकाने आपल्या जनावराची स्वतःच्या घरासाठी कत्तल करवून घेतली, तर या नियमातून सूट आहे. असे मांस मालक, त्याचे कुटुंब, विनामूल्य जेवणारे पाहुणे आणि नोकर यांनीच खावयाचे असते. त्याच्या पुडक्यांवर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारावा लागतो.

लिलावातील खरेदीदार जिवंत जनावराचा मालक होतो, म्हणून या सवलतीचा लाभ त्याला मिळतो. दोन किंवा चार कुटुंबांनी मिळून एक गोऱ्हा घेण्याची पद्धत यावरच आधारलेली आहे. परंतु हे वाटे जनावर जिवंत असतानाच ठरले पाहिजेत. कापल्यानंतर शेजाऱ्याला मांस विकता येत नाही. मांस गरिबांच्या अन्नपेढीला द्यावयाचे असेल, तर सर्वसाधारणपणे तपासणी होणाऱ्या कत्तलखान्याचीच निवड करावी लागते.

खाटीक मालकाकडून सूचनापत्र भरून घेतो. तुकडे किती जाडीचे हवेत, एका पुडक्यात किती माणसांपुरते मांस बांधावयाचे, खिमा किती करावयाचा, हॅम व बेकन खारवून धुरी द्यावयाची की मांस तसेच ठेवावयाचे, काळीज, जीभ व रश्श्यासाठी हाडे हवीत की नकोत, हे सारे त्यात सांगावे लागते. जे मागितले नाही ते परत येईलच असे नाही. गोऱ्ह्याचे धड सामान्यतः दहा ते चौदा दिवस थंड खोलीत टांगून मुरू देतात. त्याने मांस मऊ होते. डुकराला तेवढा काळ लागत नाही, पण खारवण्यासाठी वेगळे दिवस लागतात.

घरची तयारीही आधी करावी लागते. एक घनफूट, म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर जागेत पस्तीस ते चाळीस पौंड बांधलेले मांस मावते. एका डुकराला सुमारे चार घनफूट आणि पुऱ्या गोऱ्ह्याला तेराचौदा घनफूट गोठवणीची जागा हवी. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात मांस सुरक्षित राहते, परंतु त्याची चव कायम राहत नाही. खिमा तीनचार महिन्यांत, बेकन व हॅम एकदोन महिन्यांत आणि मोठे तुकडे साधारणपणे वर्षाच्या आत संपविलेले बरे.

स्थानिक मांसाचा प्रश्न

ही सारी यातायात करण्यापेक्षा दुकानातून मांस आणणे सोपे आहे, हे खरेच. परंतु दुकानातील मांसामागे कोणती व्यवस्था आहे, तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील पुष्ट गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ८५ टक्के कत्तल टायसन, जेबीएस, कारगिल व नॅशनल बीफ या चार कंपन्यांच्या हाती एकवटली आहे. ही व्यवस्था स्वस्त व वेगवान आहे, पण ठिसूळही आहे. सन २०२० च्या वसंत ऋतूत कोविडची साथ मोठ्या कत्तलखान्यांतील कामगारांत पसरली, तेव्हा त्यांतील कित्येक बंद पडले. एकीकडे दुकानांतील मांसाची फळी रिकामी झाली आणि दुसरीकडे शेतकऱ्यांची तयार जनावरे गोठ्यांतच अडकून पडली. त्या वर्षी अनेक जत्रा रद्द झाल्या आणि मुलांचे लिलाव दूरस्थ पद्धतीने भरविण्यात आले. अशा वेळी लोक गावच्या छोट्या खाटकांकडे धावले. त्यांच्याकडील तारखा महिनोन्महिने आधीच भरून गेल्या.

या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट केली. जनावर वाढविणारा जवळपास असून भागत नाही. ते कापून देणारा खाटीकही जवळपास असावा लागतो. मुलांचा लिलाव या दोघांनाही धरून ठेवतो. समितीने जत्रेच्या सुमारास खाटकाकडील जागा आधीच राखून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एकट्यादुकट्या खरेदीदाराला जी तारीख मिळणे कठीण, ती येथे मिळते.

अर्थात जवळचे ते सारे निर्दोष, असे समजण्याचे कारण नाही. बक्षिसाच्या हव्यासाने गैरप्रकार झालेले आहेत. सन १९९४ मध्ये ओहायोच्या राज्यप्रदर्शनात काही विजेत्या जनावरांच्या बाबतीत लबाडी झाल्याचे उघडकीस आले आणि त्यानंतर औषधांच्या चाचण्या व धडांची तपासणी यांवर कटाक्ष वाढला. औषध दिल्यापासून कत्तलीपर्यंत किती दिवस जाऊ द्यावयाचे याचे नियम आहेत. दिलेल्या औषधांची लेखी कबुली मुलांकडून व पालकांकडून घेतली जाते. खरेदीदाराला याविषयी विचारण्याचा अधिकार आहे. सन २०१२ च्या उन्हाळ्यात डुकरांमधील फ्लूच्या एका प्रकाराची बाधा जत्रांतून तीनशेहून अधिक लोकांना झाली; त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. तेव्हापासून डुकरांच्या कोठारात खाणेपिणे टाळावे, बाहेर पडताना हात धुवावेत आणि आजारी जनावर जत्रेत आणू नये, यांवर अधिक भर दिला जातो.

वियोग

या लिलावाचा सर्वांत कठीण भाग हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. ज्या जनावराला मुलाने नाव दिले, ज्याच्या अंगावरून महिनोन्महिने हात फिरविला, ते रिंगणातून बाहेर पडते ते परत न येण्यासाठी. रात्री कोठारात जनावराच्या गळ्यात हात टाकून रडणारी मुले दर जत्रेत दिसतात. या पद्धतीचे समर्थक म्हणतात की, जो मांस खातो त्याने त्याची किंमत ओळखावी आणि जनावर जिवंत आहे तोवर त्याला उत्तम वागवावे, हेच येथे शिकविले जाते. टीकाकार म्हणतात की, इतक्या कोवळ्या वयात जीव लावावयास शिकवून मग तो तोडावयास लावणे निष्ठुर आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

सन २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्ता येथील जत्रेत हा प्रश्न उघड्यावर आला. एका नऊ वर्षांच्या मुलीने वाढविलेला बोकड लिलावात ९०२ डॉलरला विकला गेला. त्यांतून जत्रेला मिळावयाचा वाटा ६३ डॉलर १४ सेंट होता. मुलीला वियोग सहन होईना, म्हणून तिच्या आईने बोकड जत्रेतून हलविला आणि नुकसान भरून देण्याची तयारी दर्शविली. जत्रेच्या अधिकाऱ्यांनी नियमावर बोट ठेवले. काउंटीच्या पोलिसांनी दूरच्या एका शेतावरून बोकड ताब्यात घेऊन परत आणला आणि पुढे त्याची कत्तल झाली. प्रकरण न्यायालयात गेले; सन २०२४ मध्ये काउंटीने तीन लाख डॉलर देऊन आपल्यापुरती तडजोड केली. विक्रीचा करार पाळला गेला पाहिजे हे खरेच. परंतु ज्या संस्थेचा हेतू शिक्षण हा आहे, तिने शिकणाऱ्याच्या वयाकडे पाहावयाचे की नाही, हा प्रश्न या प्रकरणाने मागे ठेवला.

यातून पालकांनी व मंडळांनी घ्यावयाचा बोध सरळ आहे. जनावर आणण्याआधीच त्याचा शेवट मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. ज्याला तो सोसवणार नाही, त्याच्यासाठी दुभती गाय, लोकरीची मेंढी किंवा अंडी देणाऱ्या कोंबड्या पाळण्याचे मार्ग याच संघटनांत खुले आहेत.

खरेदीदाराचेही काही कर्तव्य आहे. त्याने लिलावाच्या आधी कोठारात जावे, मुलाशी बोलावे, जनावराला काय खाऊ घातले व कोणते औषध दिले हे विचारावे. हे प्रश्न मुलाला ओझे वाटत नाहीत; वर्षभर ज्याचा अभ्यास केला, त्याची ती परीक्षाच असते. खरेदीनंतर मुलाकडून आभाराचे पत्र येते. त्याला दोन ओळींचे उत्तर पाठवून मांस घरी पोचल्याचे व कुटुंबाने ते आनंदाने खाल्ल्याचे कळविणारा खरेदीदार विरळा. पण तसे कळविले, तर मुलाच्या वहीतील शेवटचा रकानाही भरला जातो. आपण वाढविलेले जनावर कोणाच्या घरी कामी आले, हे त्याला समजते.